तुम्ही कुठल्या गावचे? : एका वाय-फायचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा त्याला एक अट जोडलेली होती. "आठवणी पुरेत. सरांच्या छडीवर आत्तापर्यंत नऊ लेख आलेत. तू इतकी वर्षं त्या वायरींच्या जंजाळात काय करतोस, ते आम्हाला कळेल असं लिही." छडीबद्दल मलाही लिहायचं होतं, पण दहावा लेख नको. म्हणून हा लेख इतिहासाचा. इतिहासाच्या बाई अंक वाचणार आहेत हे ठाऊक असल्यामुळे सनावळी दोनदा तपासली आहे.

विषय सुचला तो आपल्या ग्रुपवरच्या एका प्रश्नामुळे. आपल्यातल्या एकाचा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी मेलबर्नला गेला. विद्यापीठात पाऊल ठेवल्याबरोबर, अजून प्रवेशाचे कागदही झाले नव्हते तरी, त्याच्या फोनचं वाय-फाय आपोआप सुरू झालं. त्याने कुठला पासवर्ड टाकला नाही की कुणाला विचारलं नाही. वडिलांनी ग्रुपवर विचारलं, "हे काय गौडबंगाल? पोराच्या फोनमध्ये कुणी शिरलं तर नाही ना?" मी एका शब्दात उत्तर दिलं, "एज्युरोम." त्यावर तीन अंगठे आले आणि विषय संपला. पण एका शब्दाचं ते उत्तर काही खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर हे असं लांबलचक आहे.

सुरुवात आपल्या दहावीपासून करतो. १९८९ साली आपण परीक्षेला बसलो तेव्हा आपल्यापैकी कुणीही संगणकाला हात लावलेला नव्हता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक दिले होते, पण ते यंत्र खंबाटकीचा घाट उतरून आपल्यापर्यंत आलं नाही. आपल्या वाईत ज्ञानाची देवाणघेवाण पोस्टाने चालायची, आणि ती काही कमी नव्हती. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्याचं कार्यालय आपल्या गावात. कुठल्या कुठल्या गावचे विद्वान नोंदी लिहून पाठवत आणि इथे त्यांवर संस्कार होत. आपण शाळेत जाताना त्या इमारतीवरून जायचो आणि आत काय चालतं याची आपल्याला फारशी कल्पना नसायची. संशोधक एका गावी, संदर्भ दुसऱ्या गावी आणि छपाई तिसऱ्या गावी, तरी काम एकच, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. नेटवर्क हा शब्द फार नंतर आला.

त्याच सुमारास मुंबईत जुहूला एनसीएसटी नावाच्या सरकारी संस्थेत डॉ. श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी एक वेगळा खटाटोप करत होते. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची, म्हणजे यूएनडीपीची, मदत घेऊन 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. शिक्षण आणि संशोधन संस्थांचे संगणक एकमेकांना जोडायचे, एवढाच उद्देश. सुरुवातीला आठ ठिकाणं होती: एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आयआयटी, आणि आठवा खुद्द दिल्लीतला तो विभाग. आधी साधा टेलिफोन लावून, मॉडेमवरून, साठवलेली पत्रं एका यंत्रातून दुसऱ्यात टाकायची पद्धत होती. पोस्टमनने एका गावाची थैली दुसऱ्या गावाच्या गाडीत चढवावी तशी. १९८९ च्या सुमारास, म्हणजे आपण निकालाची वाट बघत होतो तेव्हा, एनसीएसटीतून अमेरिकेला जोडणारी ओळ होती सेकंदाला ९६०० बिट्सची. हिशेब करून पाहा. सेकंदाला बाराशे अक्षरं. परवा ग्रुपवर आलेला घाटावरचा तीन एमबीचा फोटो त्या ओळीवरून पाठवायला चाळीस मिनिटांहून जास्त लागली असती, आणि तेवढा वेळ बाकी सगळ्या देशाने थांबायचं.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं. तोपर्यंत जवळजवळ नऊ वर्षं या देशात इंटरनेटचा सराव केला तो मास्तरांनी आणि विद्यार्थ्यांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात हाच 'अर्नेट' पुन्हा येतो.

आता युरोपात जाऊ. एकविसावं शतक उजाडलं तेव्हा लॅपटॉपमध्ये वाय-फायचं कार्ड घालून हिंडणारे प्राध्यापक तिकडे दिसू लागले होते. प्रत्येक विद्यापीठाचं वाय-फाय वेगळं आणि त्याचा पासवर्ड वेगळा. पाहुणा आला की त्याला कचेरीत पाठवायचं, तिथे अर्ज, सही, मग एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तात्पुरता पासवर्ड. दोन दिवसांच्या परिषदेतला अर्धा दिवस यात जायचा. युरोपातल्या शैक्षणिक नेटवर्कांच्या 'टेरेना' या संघटनेत यावर विचार सुरू झाला. तीन वाटा समोर होत्या. एक, लॉजवर असते तशी वेबपानावर नाव-पासवर्ड टाकायची पद्धत. दुसरी, पाहुण्याने आधी आपल्या घरच्या संस्थेपर्यंत व्हीपीएनचं भुयार खणायचं आणि मग त्यातून जायचं. तिसरी वाट सुचवली नेदरलँड्सच्या 'सर्फनेट'मधल्या क्लास वीरेंगा यांनी, २००२ साली.

वीरेंगांची कल्पना म्हणजे दोन जुन्या वस्तू एकत्र बांधणं. पहिली वस्तू 'रेडियस'. ही १९९१ सालची. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या विद्यापीठांचं 'मेरिट' नावाचं सामाईक नेटवर्क होतं. घरून फोन लावून येणारा माणूस खरंच आपला आहे का, हे तपासायला त्यांना काहीतरी हवं होतं, आणि लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीने ते बनवलं. दुसरी वस्तू '८०२.१ एक्स' हे मानक, २००१ सालचं. ते मुळात भिंतीतल्या तारेच्या खोबणीसाठी होतं: तार लावलीस म्हणून आत आलास असं नाही, आधी ओळख पटव. वीरेंगा म्हणाले, हाच पहारेकरी वाय-फायच्या दाराशी उभा करू, आणि त्याला ओळख पटवायला रेडियसच्या साखळीने थेट पाहुण्याच्या घरी विचारायला पाठवू.

नेदरलँड्स, जर्मनी, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि ब्रिटन इथल्या संस्था सुरुवातीला सामील झाल्या. मग त्याला नाव मिळालं एज्युरोम, म्हणजे शिक्षणातलं भटकणं. डिसेंबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया आला, तो युरोपबाहेरचा पहिला देश. आज शंभराहून अधिक देशांत आणि प्रदेशांत हे चालतं, आणि गंमत म्हणजे सगळीकडे वाय-फायचं नाव तेच, इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान. नाव एकच असल्यामुळेच त्या मुलाचा फोन मेलबर्नमध्ये आपोआप जागा झाला. त्याच्या दृष्टीने ते पुण्याच्या कॉलेजचंच वाय-फाय होतं. वीरेंगांना २०१९ साली 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये मान मिळाला. आपल्या रमणींना तो २०१४ सालीच मिळाला होता.

पण हे चालतं कसं? मी हे बऱ्याच सभांत आकृत्या काढून समजावलं आणि लोकांनी माना डोलावल्या. समजलं ते नाशिकचं उदाहरण दिल्यावर, म्हणून तेच देतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचं कोणी ना कोणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलेलं असेल. तिथे उतरल्यावर पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं? आडनाव काय?" विचारणाऱ्याला तुमच्याबद्दल काही माहिती नसते आणि असायची गरजही नसते. त्याला एवढंच माहीत असतं की या गावचे यजमान अमुक गुरुजींकडे. तो तुम्हाला तिकडे धाडतो. ते गुरुजी नामावळी काढतात, तुमच्या आजोबांची सही दाखवतात, आणि ओळख पटते. पूर्ण माहिती एकाच ठिकाणी, बाकीच्यांना फक्त वाट माहीत.

एज्युरोममध्ये तुमचं नाव ई-मेलच्या पत्त्यासारखं असतं. ॲटच्या चिन्हाआधी तुम्ही, नंतर तुमचं गाव, म्हणजे संस्था. मेलबर्नच्या विद्यापीठाचा सर्व्हर पहिला भाग बघतच नाही. दुसऱ्या भागाचा शेवट 'डॉट इन' आहे, म्हणजे हा आपला नाही, भारतातला, एवढं तो ओळखतो आणि चौकशी वर पाठवतो. आशिया-पॅसिफिक भागासाठी वरचे सर्व्हर ऑस्ट्रेलियात आणि हाँगकाँगमध्ये आहेत. ते चौकशी भारताच्या राष्ट्रीय सर्व्हरकडे देतात. तो सर्व्हर चालवतं अर्नेट इंडिया, म्हणजे आठ संस्थांपासून सुरू झालेला तोच अर्नेट. 'एसी डॉट इन' हे शिक्षणसंस्थांचं उपनावही तेच देतात, त्यामुळे कुठलं गाव कुठे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते चौकशी पुण्याच्या कॉलेजकडे पाठवतात. कॉलेज आपली नामावळी उघडतं, म्हणतं "आमचाच आहे", आणि हे उत्तर त्याच वाटेने उलटं जातं. मेलबर्नचं दार उघडतं. सगळ्याला साधारण एक-दोन सेकंद.

मग पासवर्ड इतक्या हातांतून जातो का? नाही. ही यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. चौकशीच्या पाकिटावर फक्त गावाचं नाव असतं. पाकीट मोहोरबंद, आणि ती मोहोर फक्त घरच्या संस्थेलाच फोडता येते. मेलबर्नला तुमचा पासवर्ड कधीच दिसत नाही, हाँगकाँगला नाही, अर्नेटलाही नाही. तुमचं नावसुद्धा बाहेर न दाखवण्याची सोय आहे. बाहेरच्या पाकिटावर 'अनामिक, अमुक संस्था' एवढंच लिहिता येतं.

यात एकच भोक आहे, आणि ते आपल्या बोटाशी आहे. मोहोर घरचीच आहे ना, हे तुमच्या फोनने तपासायला हवं. त्यासाठी संस्थेचं प्रमाणपत्र फोनमध्ये बसवावं लागतं. पूर्वी अँड्रॉइड फोनवर 'तपासू नका' असा पर्याय असायचा आणि पोरं तोच निवडायची, कारण तेवढ्याने काम व्हायचं. असं केलं की कुणीही त्याच नावाचं खोटं वाय-फाय थाटून पासवर्ड गोळा करू शकतो. २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइडने तो पर्याय काढायला सुरुवात केली. ज्यांची मुलं महाविद्यालयात आहेत त्यांनी घरी एकदा विचारावं: सेटिंग हाताने भरलंस, की संस्थेने दिलेल्या ॲपमधून? ॲपमधून भरलेलं बरं.

एवढं सोपं आणि फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालणारं काम आपल्याकडे रुजायला वेळ का लागला? लोक म्हणतात तंत्रज्ञान नव्हतं. मला ते पटत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला. मार्च २०१० मध्ये सरकारने राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कला, एनकेएनला, ५,९९० कोटींची मंजुरी दिली आणि मोठ्या संस्थांच्या दारात जाडजूड ओळी येऊन पडल्या. साधन होतं. आड आली ती भीती, आणि ती भीती खोटी नव्हती.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादला बाँबस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला, तो नवी मुंबईतल्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून. घरमालकाला त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्याच महिन्यात तसला ई-मेल मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेला. त्यानंतर कितीतरी संस्थांनी वाय-फाय बंदच करून टाकलं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या: कोण वापरतंय याची ओळख पटल्याशिवाय वाय-फाय द्यायचं नाही. त्या दिवसांत पोलिसांची गाडी आवारात येण्याचं स्वप्न किती प्राचार्यांना पडलं असेल, याची कल्पना करा.

मी नोकरी करतो ती पुण्यातली एक शिक्षणसंस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुणाला लागू नये. २०१६ साली मी एज्युरोमचा प्रस्ताव मांडला. बैठकीत पहिला प्रश्न आला, "आपल्या पैशाचं नेट बाहेरच्यांनी फुकट का वापरायचं?" दुसरा, "उद्या बाहेरच्याने काही केलं तर पोलिस कुणाकडे येणार?" तिसरा प्रश्न हिशेब खात्याचा होता, आणि खरं सांगायचं तर तो सगळ्यात प्रामाणिक होता: "यात आपल्याला मिळतं काय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पाहुण्यांसाठी आम्ही तेव्हा काय करत होतो? स्वागतकक्षात एका फळ्यावर पासवर्ड लिहिलेला असायचा. रिक्षावाल्यापासून परीक्षकापर्यंत सगळ्यांना तो एकच. त्यातून काही झालं असतं तर आम्ही कुणाचं नाव सांगणार होतो? एज्युरोममध्ये येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक संस्था उभी असते. किती वाजता, कुठल्या संस्थेचा, कुठल्या यंत्रावरून, याची नोंद आमच्याकडे, आणि त्याचं खरं नाव त्याच्या घरी. चौकशी आली तर दोन नोंदी जुळवल्या की माणूस सापडतो. फळ्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. हे सगळ्यांना पटलं, तरी फाइल हलली नाही.

फाइल हलली ती ग्रंथपालबाईंमुळे. त्या एरवी बैठकीत बोलत नसत. त्या म्हणाल्या, "सर, आपण चाळीस वर्षं आंतरग्रंथालयीन देवघेव करतोय. बाहेरच्या संशोधकाला त्याच्या संस्थेचं पत्र असलं की आपण पुस्तक देतो, आणि आपला विद्यार्थी बाहेर गेला की आपण पत्र देतो. आजवर किती पुस्तकं बुडाली ते मी रजिस्टरमधून दाखवते. हे तेच आहे ना?" मी इतके दिवस शिष्टाचार, मानकं आणि सर्व्हर यांवर बोलत होतो. त्यांनी एका रजिस्टरवर काम केलं. हिशेब खात्याच्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच होतं. आपल्याला मिळतं ते बाहेर, आपली माणसं परगावी जातात तेव्हा.

परवानगी मिळाली ती अटींवर. फक्त ग्रंथालय आणि अतिथिगृह. पाहुण्यांची रहदारी वेगळ्या वाटेने, म्हणजे संस्थेच्या परीक्षा आणि हिशेबाच्या यंत्रांकडे ती फिरकू शकणार नाही अशी. या अटी मला आवडल्या. मीही त्याच घातल्या असत्या.

तांत्रिक कामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात नाट्य फार नाही. एक बऱ्यापैकी संगणक घेतला, त्यावर लिनक्स आणि फ्रीरेडियस बसवलं. विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची यादी आधीच एका ठिकाणी होती, ती त्याला दाखवली. अर्नेटला अर्ज केला, सर्व्हरचा पत्ता कळवला, दोन्ही बाजूंनी एक गुप्त शब्द ठरला. फायरवॉलमध्ये १८१२ आणि १८१३ ही दारं फक्त त्यांच्यासाठी उघडली. वेळ गेला तो यादी साफ करण्यात. पाच वर्षांपूर्वी पास झालेले, सोडून गेलेले, एकाच माणसाची तीन खाती, आणि दोघं निवृत्त होऊन देवाघरी गेलेले. जगाला "हा आमचा आहे" असं सांगायचं तर आधी आपला कोण हे आपल्याला नीट माहीत हवं. शाळेत आपल्या वर्गशिक्षिका महिन्याच्या शेवटी हजेरीपट जुळवत बसायच्या आणि एका आकड्याच्या फरकासाठी तासभर कार्यालयात थांबायच्या. ते काम किती किचकट असतं हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं.

२०१७ च्या पावसाळ्यात सेवा सुरू झाली. पहिले चार दिवस नोंदवहीत फक्त आमचीच नावं. पाचव्या दिवशी एका ओळीच्या शेवटी 'डॉट एफआय' दिसलं. फिनलंड. अतिथिगृहात कोणीतरी व्याख्यानाला आलं होतं, त्यांनी बॅग ठेवली असेल आणि खिशातल्या फोनने आपलं आपणच विचारून घेतलं असेल. त्यांना याचा पत्ताही नसणार. मी मात्र ग्रंथपालबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रजिस्टरला नोंद झाली का? मग झालं." महिन्याभरात आमचा एक विद्यार्थी इटलीत परिषदेला गेला आणि तिथून त्याची ओळख पटवायची चौकशी आली, तेव्हा हिशेब खात्यातल्या साहेबांना ती ओळ मी छापून नेऊन दाखवली. ती त्यांनी फाइलला लावली. आता सगळ्या आवारात एज्युरोम आहे आणि फळ्यावरचा पासवर्ड पुसला गेला आहे.

इथे लेख संपवता आला असता. पण हा विषय मी निवडला त्यामागे २०२० चं कारण आहे, आणि ते आपल्या गावाशी जोडलेलं आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. वसतिगृहं रिकामी झाली, मुलं गावी गेली, वर्ग आणि परीक्षा ऑनलाइन झाल्या. आमच्याकडे पदव्युत्तर शिकणारी एक मुलगी धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातली होती. घरी मोबाइलची रेंज नाही. परीक्षेच्या दिवसांत ती पाचगणीला आत्याकडे राहिली आणि तिथल्या गच्चीवर, छत्री धरून, पेपर दिला. जूनचे दिवस होते, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तिने मला फोन केला तो तक्रारीसाठी नव्हे, उत्तरपत्रिका पोचली का हे विचारायला. सहज विचारलं, "वाईत कुठे सोय नाही का झाली?" ती म्हणाली, "सर, सगळीकडे वाय-फाय आहे, पण माझं कुठेच नाही."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. या मुलीची ओळख मेलबर्नला पटली असती, हेलसिंकीला पटली असती. तिच्या स्वतःच्या तालुक्याच्या गावी पटत नव्हती, कारण इथे तिचं गाव विचारणारंच कोणी नव्हतं. गावात केबलचं नेट भरपूर होतं. ज्या इमारतींत ते होतं त्या बंद होत्या, किंवा त्यांचा पासवर्ड दोघा-तिघांनाच माहीत होता.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत युटासारख्या राज्यांनी त्याच काळात एज्युरोम विद्यापीठांच्या भिंतीबाहेर आणून शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांपर्यंत न्यायला सुरुवात केली. विद्यार्थी ज्या गावात राहतो तिथल्या शाळेच्या आवारात बसून त्याला आपल्या विद्यापीठाचं खातं वापरता आलं पाहिजे, असा विचार. यात नवं यंत्र लागत नाही. वाय-फायच्या संचाला एक जादा नाव शिकवायचं आणि त्याला चौकशीची वाट दाखवायची.

आता मुद्द्याचं. आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर समितीत दोन मतं आहेत. एक मत डिजिटल फळ्याचं. त्याला माझा विरोध नाही, पण दोन वर्गांत आधीच आहेत आणि त्यातला एक दुरुस्तीवाचून पडून आहे. माझी सूचना अशी की शाळेच्या जुन्या वाचनालयाच्या खोलीला आणि बाहेरच्या पडवीला चांगलं वाय-फाय द्यावं, आणि त्यावर दोन नावं असावीत. एक शाळेचं, शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी, शाळा ठरवेल त्या नियमांनी. दुसरं एज्युरोम, गावी आलेल्या महाविद्यालयीन मुलांसाठी. एज्युरोमचं सदस्यत्व उच्च शिक्षणाच्या संस्थेकडे असावं लागेल असं धरून मी चाललो आहे. म्हणून अर्ज गावातल्या महाविद्यालयाच्या नावाने करावा आणि पडवीतला संच त्यांच्या सर्व्हरला जोडावा, असा प्रस्ताव आहे. त्यांच्या मुलांचाही यात फायदा आहे. पुण्यामुंबईत प्रवेशाला किंवा स्पर्धेला गेली की त्यांचंही दार उघडेल. सर्व्हर बसवण्याचं आणि यादी साफ करण्याचं काम मी विनामूल्य करेन. यादीचं काम मोठं आहे, त्याला दोघं सोबतीला हवेत. निवृत्त झालेल्या आपल्या वर्गशिक्षिकांना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "हजेरीपट आणून दे, बघते."

खर्चाचा अंदाज समितीकडे दिला आहे. दोन आक्षेप आले आहेत. पोरं पडवीत बसून सिनेमे बघतील हा पहिला. बघतील, थोडे. वेग वाटून देण्याची सोय असते. रात्री पडवीत गर्दी होईल हा दुसरा, आणि तो खरा आहे. वेळ किती ठेवायची, दिवा आणि शिपाईकाका यांचं काय, हे शाळेने ठरवायचं आहे. मुख्याध्यापक म्हणाले की परीक्षेच्या महिन्यांत रात्री नऊपर्यंत चालेल, एरवी सात.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी वाचनालयाच्या खोलीत असेन. सोबत एक छोटा संच आणि पुण्याच्या सर्व्हरला जोडलेली तात्पुरती वाट घेऊन येतोय. ज्यांची मुलं किंवा सुना-जावई कॉलेजात शिकतात-शिकवतात आणि फोनवर एज्युरोम आहे, त्यांनी त्यांना सोबत आणावं. जितकी वेगवेगळी गावं येतील तितकी चाचणी चांगली होईल. भिंती दगडी आहेत, खिडकीजवळची रेंज आणि आतल्या कपाटांमागची रेंज दोन्ही मोजायच्या आहेत. मोजपट्टी शाळेत आहे, शिडी मात्र कुणीतरी आणा.